हुशार आहे, मग लिहीत का नाही?

"तोंडी सगळं सांगतो, पेपर मात्र कोरा. आळशी आहे का?" असं एका ताईंनी आपल्या मुलाबद्दल विचारलंय. ताई, आळशी नाही हो! माझा लेक चौथीत लिंबू आणि बॅटरी घेऊन आजीला ग्रहण समजावायचा, आणि 'सूर्य' लिहिताना रफार कुठे द्यायचा यावर अडायचा. खोडून खोडून वहीचं पान फाटायचं. शाळेचा शेरा, 'लक्ष देत नाही'.

हुशार असूनही लिहिण्या-वाचण्यात अशी अडचण येते, तिला अध्ययन अक्षमता म्हणतात. अशा मुलांची हुशारी अडचण झाकते आणि अडचण हुशारी झाकते, म्हणून निदानाला उशीर होतो. बुद्ध्यांकाचा नुसता एकूण आकडा घेऊन घरी येऊ नका, उपचाचण्यांचे, म्हणजे त्या चाचणीतल्या एकेका भागाचे, गुण वेगवेगळे मागून घ्या. तोंडी तर्क आणि कामाचा वेग यांतली दरी तिथेच दिसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. तिचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळतो. मुंबईत सायन रुग्णालयात तपासणी होते.

आणि एक कळकळीने सांगते, शुद्धलेखनाच्या शिकवणीसाठी त्याच्या आवडीचं काही बंद करू नका. आम्ही आकाशदर्शनाचा वर्ग सोडवला होता. दोन महिन्यांत बोलकं पोर गप्प झालं. वर्ग पुन्हा सुरू केला, त्या रात्री गच्चीवरून खाली यायलाच तयार नव्हता.