चिकलठाणा विमानतळावर डेक्कन एअरवेजचं दालन हवं का?

गोदाकाठचा: चेक-इन झाल्यावर चिकलठाण्याला, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) विमानतळावर, नुसतं बसून राहावं लागतं. तिथल्या एका भिंतीवर डेक्कन एअरवेजचा इतिहास लावावा असं मला वाटतं. 1945 साली निजाम सरकार आणि टाटांनी मिळून काढलेली ही कंपनी. ठाणं हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर, ताफ्यात डकोटा विमानं. 1953 च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. प्रेम माथूर यांना बाई म्हणून बाकी कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, त्यांना विमान उडवायला दिलं ते याच कंपनीनं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. मग हा वारसा आपला नाही का?

पाथरीकर: वारसा कुणाचा म्हणता राव? विमानं बेगमपेटची, बसणारे जहागीरदार नि बडे अधिकारी. आमच्या वाट्याला आली मीटरगेज. मनमाड-औरंगाबाद ब्रॉडगेज व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. आणि संस्थानातल्या विमानांचा इतिहास सांगायचाच तर सिडनी कॉटनही सांगा. 1948 मध्ये हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी शस्त्रं आणत होता. विमानं उतरायची बिदरला, आमच्या उदगीरच्या शेजारी. इकडं रझाकार गावं जाळत होते. ते भिंतीवर लावाल?

गोदाकाठचा: लावूच की! लपवायचं काय त्यात? पण कॉटनचा धंदा वेगळा, डेक्कन एअरवेजचा वेगळा. निजामाचा पैसा लागला म्हणून एखादी गोष्ट टाकायची असेल तर काचीगुडा-मनमाड रेल्वेचं काय करता? तिनं जाताना नाही आठवत निजाम!

पाथरीकर: रेल्वेनं आम्ही रोज जातो, म्हणून ती आमची झाली. डकोटात आमच्यातलं कोण बसलं होतं?

लातूरवाला: आमच्याकडं धावपट्टी आहे, धाराशिवलाही आहे. नियमित प्रवासी विमान मात्र कुठंच नाही. तुमचं दालनावरून चालू द्या 🙂

मुकुंदवाडी: दोघंही 1945-48 वर अडकलात. या विमानतळाचा सगळ्यात जड दिवस 26 एप्रिल 1993. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 मुंबईला निघालं, उड्डाण घेताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि पुढं जाऊन कोसळलं. 118 पैकी 55 माणसं गेली. चौकशीत दोष निघाला तो वैमानिकांनी नाक उचलायला केलेल्या उशिराचा, आणि त्या रस्त्यावरची वाहतूक न थांबवण्याचाही. आधी त्यांच्या नावांचा फलक लावा. धावपट्टी वाढवायची म्हणून आमच्या भागात जमिनीची मोजणी होते, तेव्हा म्हाताऱ्यांच्या तोंडी हेच असतं. निजाम नसतो.

गोदाकाठचा: फलकाला माझा पाठिंबा. पण त्यासाठी दालन कशाला अडवायचं?

मुकुंदवाडी: अडवत नाही. क्रम सांगतोय.

पाथरीकर: क्रम मला मान्य. दालनाचं म्हणाल तर गोदाकाठचा, मजकूर लिहून इथंच टाका. प्रेम माथूर ठेवा, टाटा ठेवा. 1948 गाळलेलं दिसलं की मी आहेच.