'आमेन, ब्रदर' ही बी-साइड रेकॉर्ड कशी झाली? तो ब्रेक ठरवून होता का?

नवा_ड्रमर:
मंडळी, गेले दोन महिने मी एकच गोष्ट घासतोय, द विन्स्टन्स या अमेरिकन सोल बँडच्या 'आमेन, ब्रदर'मधला चार बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) ड्रम ब्रेक. जंगल (इंग्लंडातलं वेगवान इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत) आणि हिपहॉपच्या ट्रॅक्समध्ये हजारदा ऐकलेला, पण मूळ गाणं सलग असं कधी ऐकलंच नव्हतं. परवा ऐकलं तर अडीचेक मिनिटांची सरळ इन्स्ट्रुमेंटल ट्यून निघाली, हॉर्न्स, ऑर्गन, गिटार सगळे जोशात चाललेत आणि १ मिनिट २६ सेकंदांच्या आसपास सगळे एकदम गप्प होतात, उरतो फक्त ड्रमर. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. हे कोणी, कशासाठी रेकॉर्ड केलं, तो ब्रेक ठरवून घातला की तिथल्या तिथे सुचला, आणि वाजवणाऱ्याला पुढे काय मिळालं? कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज लिहा, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

जुनी_तबकडी:
छान विचारलंस. साल १९६९, गाव अटलांटा, लेबल मेट्रोमीडिया. बँडचा खरा जीव होता 'कलर हिम फादर' या गाण्यात, युद्धात वडील गेलेल्या घरात आलेल्या सावत्र वडिलांवर मुलाचं किती प्रेम आहे त्याचं गाणं. ती ए-साइड, म्हणजे तबकडीची मुख्य बाजू. सिंगल काढायची म्हणजे मागच्या बाजूला, बी-साइडला, काहीतरी हवंच, आणि हाताशी तयार असं काही नव्हतं, म्हणून मग इन्स्ट्रुमेंटल करायचं ठरलं. ही मंडळी आधी द इम्प्रेशन्स या गायकांच्या गटाच्या मागे वाजवायची, आणि इम्प्रेशन्सनी 'आमेन' हे गॉस्पेल १९६४ मध्ये गाजवलेलं, त्यामुळे ती चाल सगळ्यांच्या बोटांत बसलेलीच होती. त्याला इम्प्रेशन्सच्याच कर्टिस मेफील्डकडून ऐकलेला एक गिटार रिफ जोडला आणि ट्यून उभी राहिली. लांबीला मात्र कमी पडायला लागली, म्हणून मध्ये ड्रम्स घातले. म्हणजे मुळात जागा भरायची होती!

ए-साइड अमेरिकेच्या पॉप चार्टवर ७व्या नंबरपर्यंत गेली आणि १९७० मध्ये तिला बेस्ट आर अँड बी साँगचं ग्रॅमी मिळालं. बी-साइडकडे तेव्हा कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. बँडमध्ये काळे-गोरे दोन्ही होते, दक्षिणेत त्यांना कार्यक्रम मिळणं अवघड व्हायचं, आणि १९७० मध्येच बँड फुटला. माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात वाईट हेच, ग्रॅमीच्या वर्षी बँड संपला.

ठरवून की उत्स्फूर्त, तर बँडलीडर आणि सॅक्सवाले रिचर्ड स्पेन्सर म्हणायचे की काय वाजवायचं ते मी सांगितलं. ऑर्गनवाले फिल टोलोटा म्हणतात की ते सगळं ड्रमर ग्रेगरी कोलमनचंच.

लेहरा:
मी टोलोटांच्या बाजूने. इथे हा ब्रेक कॉम्प्युटरवर घेऊन बसलेल्या कोणीही एकदा हळू करून ऐका, मग लक्षात येईल मी काय म्हणतोय ते. पहिले दोन बार कोलमन जो ठेका आधीपासून चालू आहे तोच चालू ठेवतो, फक्त आजूबाजूचे थांबल्यामुळे राइड सिंबलची ती पसरट सळसळ आणि मधल्या हलक्या हाताच्या घोस्ट नोट्स उघड्या पडतात. गंमत तिसऱ्या बारपासून आहे. चौथ्या मात्रेवर पडायचा स्नेअर (करकरीत आवाजाचा ड्रम) तो अर्धी मात्रा उशिरा मारतो, आपला पाय जमिनीवर आपटून मोकळा झालेला असतो आणि स्नेअर नंतर येतो. आणि लगेच चौथ्या बारमध्ये सम चक्क मोकळी सोडतो, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नाही काही नाही, त्याच्या मागून हळूच स्नेअर. मग क्रॅश सिंबल येतो तोही समेवर नाही, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या मधेच, आणि पुन्हा स्नेअर उशिरा. 'इथे सोलो घे' एवढं कोणीही सांगू शकतं, सम रिकामी ठेवायची हे ज्याच्या हातात काठ्या आहेत त्यालाच सुचतं.

@नवा_ड्रमर, तू तिसरा बार कसा मोजतोयस? बहुतेक जण तिथे घाई करून स्नेअर पुढे ओढतात.

नवा_ड्रमर:
अगदी हेच होतंय माझं!! मला वाटत होतं माझी लय सुटतेय.

बारा_बिट:
पुढचं मी सांगतो, कारण ब्रेक जगभर गेला तो मूळ तबकडीवरून कमी आणि 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या संकलनावरून जास्त, १९८६ ला पहिल्या भागात हे गाणं आलं. त्या प्रतीवर ब्रेकचा तेवढा तुकडा मुद्दाम हळू केलेला आहे, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीचा ब्रेक ३३ वर चालवून. मूळ लय मिनिटाला साधारण १३७ मात्रा, ती उतरते शंभराच्या आसपास, म्हणजे रॅप करायला बरोब्बर. १९८८ ला एनडब्ल्यूए या रॅप गटाच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'मध्ये तोच वापरला. आणि नंतर इंग्लंडात जंगलवाल्यांनी उलटं केलं, १६०च्या वर नेला, एकेक फटका वेगळा कापून नव्याने जुळवला.

त्या वेळच्या मशीनवर हे सोपं नव्हतं. एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, साठवून वाजवणारं मशीन) एकूण जेमतेम १० सेकंद मावायचे आणि एका सॅम्पलला अडीच सेकंद, आणि हा ब्रेक आहे ७ सेकंदांचा! म्हणून लोक रेकॉर्ड जोरात फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये पिच खाली आणायचे, त्यात आवाज खरबरीत व्हायचा आणि तोच खरबरीतपणा लोकांना आवडायला लागला.

जुनी_तबकडी:
पैशांचं राहिलंच. ट्यूनवर संगीतकार म्हणून नाव स्पेन्सर यांचं, त्यामुळे कोलमनला ब्रेकसाठी एक पैसा मिळाला नाही. स्पेन्सरना तरी कुठे मिळाला, आपल्या रेकॉर्डचं काय चाललंय हे त्यांना कळलं १९९६ मध्ये, तोवर तो ब्रेक शेकडो ट्रॅक्समध्ये वापरून झालेला. त्यात अमेरिकेत फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना तेव्हा फेडरल कॉपीराइट नव्हता, त्यामुळे भांडायचं तरी कशाच्या जोरावर. २०१५ ला ब्रिटनमधल्या दोन संगीतप्रेमींनी लोकांकडून वर्गणी काढून २४ हजार पाउंड स्पेन्सरना दिले. कोलमन तोपर्यंत गेलेला होता, २००६ मध्ये, अटलांटातच, गरिबीत, राहायला घर नव्हतं. स्पेन्सरही २०२० मध्ये गेले. मला आजही त्या वर्गणीचं ऐकलं की बरं वाटतं आणि कोलमनचं आठवलं की घशात अडकतं.

नवा_ड्रमर:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आत्ता पुन्हा पूर्ण गाणं लावलं, या वेळी ब्रेक संपल्यावरही बंद केलं नाही. ब्रेकनंतर हॉर्न्स परत येतात आणि कोलमन मुकाट्याने त्यांच्या मागे ठेका धरतो, जणू मघाशी काही झालंच नाही. @लेहरा, तिसरा बार आज मिनिटाला ७० मात्रांवर लावून मोजला, चौथ्या मात्रेवर तोंडाने 'चार' म्हणायचं आणि हात थांबवायचा. सलग सहा वेळा बसला. उद्या ८०.