पहिली-दुसरीच्या इंग्रजीच्या तासाला भावनांचं शिक्षण घ्यावं का?

खडूवाले_गुरुजी:
जि.प. शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, पण अजूनही 'हाऊ आर यू' विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात 'आय ॲम फाईऽऽन', त्यात रात्री घरी मार खाल्लेला पोरगाही फाईन आणि तापाने फणफणलेली पोरगीही फाईन. म्हणून मी फळ्यावर चार चेहरे काढतो, हॅपी सॅड अँग्री स्केअर्ड, पोरं आपापल्या चेहऱ्याखाली रेघ मारतात, जमेल तसं बोलतात. सोशल इमोशनल लर्निंग, म्हणजे आपल्या भावना ओळखणं आणि इतरांशी जमवून घेणं शिकवणं, इंग्रजीतच मिसळावं असं माझं मत. बोला.

रानजाई:
साफ विरोध. आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि पोरगं आजीकडे राहिलंय, ते सगळं 'आय ॲम सॅड' मध्ये कोंबायचं? वर वाक्य बरोबर आलं म्हणून आपण म्हणणार 'व्हेरी गुड'! दुःख सांगितल्याबद्दल व्हेरी गुड. नवं शैक्षणिक धोरण 2020 पण म्हणतंच ना की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, मग मनातलं बोलायलाच परकी भाषा कशाला? परिपाठात घ्या, मराठीत घ्या.

सेमीवाली_आई:
आमच्याकडे तर उलटंच. मुलीच्या शाळेत इमोशन्सची चकाचक फ्लॅशकार्डं आहेत आणि वर्गात मराठी बोललं की मिस ओरडतात. पोरगी घाबरून गप्प बसते, मग 'स्केअर्ड' चं कार्ड दाखवते. शिकली म्हणायचं का? 😀

खडूवाले_गुरुजी:
@रानजाई व्हेरी गुड मी म्हणतच नाही. पोरं मराठीतच बोलतात, मी फक्त त्यांच्या बोलण्याला इंग्रजी शब्द जोडून देतो. आणि भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन क्रॅशेनने 1980 च्या दशकात मांडलंय की भीती, ताण असला की भाषा आत शिरतच नाही. सगळ्यात जास्त भीती इंग्रजीच्याच तासाला असते की नाही सांगा.

पाटीपेन्सिल:
गुरुजी, क्रॅशेन म्हणतो वर्गातला धाक कमी करा. पोरांना रोज उभं करून भावना सांगायला लावा असं कुठे म्हणतो? उलट लाजाळू पोराला त्याचाच धाक. मला वाटतं यातला 'सोशल' भाग इंग्रजीत मस्त बसतो, एका गटात एकच खडूपेटी द्या, 'कॅन आय हॅव द रेड वन', 'युवर टर्न', 'वेट प्लीज', थांबणं वाटून घेणं मागणं सगळं खेळता खेळता येतं आणि वाक्यं खरी वापरली जातात. 'इमोशनल' भागाला मात्र घरची बोली हवी, त्यात मराठवाड्यातली असो की भिली पावरी.

रानजाई:
हे पटण्यासारखं आहे पण सगळं नाही. 'सॉरी' पण पाठ होतं हो. भांडण मिटवायचं तर आधी दोघांचं ऐकावं लागतं आणि तिथे इंग्रजी संपते. मूल्यशिक्षण आलं तेव्हा संवेदनशीलता पण यादीत होती, शेवटी काय झालं, तक्त्यावर लिहून भिंतीला लागली. म्हणून दिल्लीच्या सरकारी शाळांनी 2018 मध्ये हॅपिनेसचा तास वेगळा ठेवला, परीक्षा नाही काही नाही.

खडूवाले_गुरुजी:
खडूपेटी सोमवारपासून सुरू, चेहरे पण राहणारच, फक्त उभं करणार नाही कोणाला. वेगळ्या तासाचं म्हणाल तर आम्ही दोन शिक्षक अन् पाच वर्ग, शिवाय रोज खिचडीचा हिशोब. तिसरा माणूस पाठवा, तास मी काढतो.