क्रोएशियाचा किनारा स्वतः गाडी चालवत: दहा दिवसांचा बेत तपासून द्याल का?

कण्हेरकाठ (सातारा)

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात क्रोएशियाला जायचं ठरतंय. आम्ही चौघं: मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, पण सपाटीला तासभर आरामात चालते. गाडी मीच चालवणार. घाटरस्त्यांची सवय आहे, मात्र उजव्या बाजूनं गाडी कधी चालवलेली नाही.

कच्चा बेत असा: झाग्रेबला उतरायचं, तिथंच गाडी घ्यायची, मग प्लित्वित्सेची तळी, झादार, स्प्लिट, ह्वार बेट, दुब्रोव्हनिक, तिथून एक दिवस माँटेनेग्रोतलं कोटोर आणि परत झाग्रेबला येऊन विमान. एकूण दहा रात्री. विचारायचंय ते असं:

बेत धावपळीचा होतोय का? साताऱ्यातून निघण्याआधी कोणते कागद लागतील? ह्वारला गाडी न्यावी की स्प्लिटलाच ठेवावी? आणि शाकाहारी माणसाचे हाल होतात का? आई अंडंही खात नाही.

---

हरिपूर_संगम (सांगली)

बेत धावपळीचा आहे आणि त्याचं मूळ एकाच ठिकाणी आहे: परत झाग्रेबला येणं. दुब्रोव्हनिक ते झाग्रेब सहाशे किलोमीटर. म्हणजे अख्खा दिवस गाडीत, तोही बघून झालेल्या मुलखातून. विमानाचं तिकीट काढतानाच 'जाताना झाग्रेब, येताना दुब्रोव्हनिक' असं काढा. मुंबईहून थेट विमान नाहीच. दोहा, इस्तंबूल, फ्रँकफर्ट असं कुठंतरी बदलावं लागतं, त्यामुळं दोन वेगळ्या शहरांचं तिकीट फार महाग पडत नाही. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचे वेगळे पैसे लागतात, पण सहाशे किलोमीटरचं पेट्रोल, टोल आणि एक दिवस वाचतो.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. तिकडं वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळं दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्याच बाजूला राहतो. फोटोसाठी थांबायच्या जागा उजव्या हाताला येतात, समोरची वाहतूक ओलांडून वळावं लागत नाही.

मी असं बसवेन: पहिली रात्र झाग्रेब, त्या दिवशी गाडी घ्यायची नाही. रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच उलट्या बाजूनं गाडी चालवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन १३० किलोमीटरवर प्लित्वित्से आणि तिथंच मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळी तळी, संध्याकाळी झादार. चौथ्या दिवशी शिबेनिकचं सेंट जेम्स कॅथेड्रल आणि त्रोगिर करत स्प्लिट. स्प्लिटला दोन रात्री, ह्वारला दोन, दुब्रोव्हनिकला तीन. झाल्या दहा.

प्लित्वित्सेचं तिकीट ठरावीक तासाचं आणि ठरावीक दाराचं असतं, ते ऑनलाइन आधीच काढा. आईंसाठी दोन नंबरचं प्रवेशद्वार घ्या. तिथून उद्यानाची गाडी वरच्या तळ्यांपाशी सोडते आणि लाकडी फळ्यांच्या वाटेनं उतारानं खाली येता येतं. एक नंबरच्या दारापासून मोठा धबधबा जवळ आहे, पण तिथं आधी उतरायचं आणि शेवटी चढायचं. कोझ्याक तळ्यातली बोट तिकिटातच धरलेली असते. पोहायला तिथं बंदी आहे. क्र्का उद्यानाच्या धबधब्याखाली पोहणाऱ्या लोकांचे फोटो बघून मुलीला कबूल केलं असेल तर तेही नाही, तिथल्या स्क्रादिन्स्की बुक धबधब्याला २०२१ पासून पोहणं बंद आहे.

---

एमएच५०_कऱ्हाड

कागदांचं मी सांगतो.

आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, तुमच्या पत्त्याच्या आरटीओतच मिळतो. सारथी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टची प्रत जोडायची. ऑगस्ट २०२२ पासून नियमात व्हिसाची अट राहिलेली नाही, त्यामुळं व्हिसासाठी थांबायची गरज नाही. हाताशी आठवडाभर तरी ठेवा. तिकडं गाडी घेताना आयडीपी आणि मूळ लायसन्स दोन्ही मागतात. नुसत्या आयडीपीला काही किंमत नाही, तो मूळ लायसन्सचा अनुवाद आहे.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि त्याच दिवसापासून चलनही युरो झालं. जुन्या लेखांत 'कुना'चे हिशेब दिसतील ते सोडून द्या. फी मोठ्या माणसाला ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ३०,००० युरोंचं आरोग्य विमासंरक्षण सक्तीचं आहे. आईंचं वय बघता जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचूनच घ्या.

आता खरी मेख. कोटोर माँटेनेग्रोत, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि तुम्ही दिवसभरासाठी कोटोरला गेलात, तर परतीच्या नाक्यावर तो संपलेला असेल. अर्जातच 'एकाहून अधिक प्रवेश' मागा आणि बेतात कोटोर स्पष्ट लिहा. तरीही दूतावास एकच प्रवेश देऊ शकतो. तसं झालं तर कोटोर रद्द, दुसरा इलाज नाही.

हीच भानगड नेउमची. दुब्रोव्हनिकच्या अलीकडं बोस्नियाची जेमतेम नऊ किलोमीटरची पट्टी समुद्राला टेकते आणि जुना रस्ता तिच्यातून जातो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला, त्यावरून गेलं की देश सोडावाच लागत नाही. पुलाला टोल नाही. पण मोबाइलच्या नकाशाला नेउमचा रस्ता दोन-चार मिनिटांनी जवळचा वाटला तर तो तिकडंच नेतो. नकाशात पोचायचं गाव 'स्टोन' टाका, म्हणजे पुलावरूनच जाल. स्टोनला थांबायचंच आहे: मिठागरं आणि साडेपाच किलोमीटरची तटबंदी. सातारकराला तटबंदीचं कौतुक सांगायला नको.

---

बेदाणा_तासगाव

गाडीबद्दल. ऑटोमॅटिकच घ्या आणि दोन-तीन महिने आधी बुक करा. तिकडं मॅन्युअल गाड्या स्वस्त असतात, ऑटोमॅटिक कमी आणि लवकर संपतात. पैसे वाचवायला मॅन्युअल घेतली तर गिअर उजव्या हाताला येतो आणि पहिले दोन दिवस डावा हात दारावर आपटत राहतो. इंडिकेटर-वायपर उलटे असतात हे तर ऑटोमॅटिकमध्येही चुकतंच, वळणावर काच पुसली जाते. तेवढं चालतं.

चालत नाही ते हे: आपला माणूस उजवीकडच्या सीटवरून रस्त्याचा अंदाज घ्यायला शिकलेला असतो. डावीकडं बसल्यावर तो नकळत गाडी उजवीकडं सरकवतो. परिणाम म्हणजे उजवा आरसा आणि उजवी चाकं फुटपाथला घासतात. तिकडच्या भाड्याच्या गाड्यांचं जे नुकसान भरावं लागतं त्यात ही चाकं पहिली. एक खूण धरून ठेवा: चालक रस्त्याच्या मधल्या रेषेकडं, शेजारचा माणूस कडेकडं. पंपातून किंवा पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर निघताना जास्त सांभाळा, चूक तिथंच होते, कारण बघून मागं जायला पुढं गाडी नसते. गोल चौकात घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरायचं आणि आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं.

वेग गावात ५०, गावाबाहेर ९०, मोटरवेवर १३०. मोटरवेवर उजवी लेन चालण्याची, डावी फक्त ओलांडण्याची. आपल्या हायवेवर डंपर जसा मधल्या लेनमध्ये ठाण मांडतो तसं केलं की मागून दिवे मारले जातात. मोटरवेला टोल आहे: शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना कार्डानं भरायचं. झाग्रेब ते स्प्लिट पूर्ण अंतराचे पंचवीस युरोच्या आसपास. किनाऱ्याचा जुना रस्ता, ज्याला ते 'मागिस्त्राला' म्हणतात, तो फुकट.

गाडी घेताना क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. बायकोचं कार्ड चालत नाही, फॉरेक्स कार्ड बहुतेक काउंटरवर चालत नाही. अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवतात, तेव्हा मर्यादा बघून ठेवा आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बहुधा येत नाही. गाडी ताब्यात घेताना चारही चाकांचे रिम, छत आणि आतला किलोमीटरचा आकडा यांचा व्हिडिओ काढा. डिकीत त्रिकोण आणि चमकणारं जाकीट आहे का बघा, ते कायद्यानं लागतं. मुलीची सीट बुक करतानाच सांगा. कोटोरला जायचं असेल तर 'गाडी देशाबाहेर नेणार' हे लेखी घ्या, नाहीतर तिकडं विमा लागू होत नाही.

---

हरिपूर_संगम (सांगली)

बेदाणा यांनी किनाऱ्याच्या रस्त्याचा विषय काढलाच आहे तर वाऱ्याचं सांगून टाकतो.

'बुरा' नावाचा वारा वेलेबित डोंगरावरून ईशान्येकडून समुद्रावर कोसळतो. आकाश निळंशार असतं, म्हणून माणूस फसतो. झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातात. मग मोटरवेचा स्वेती रोक ते पोसेदार्ये हा भाग टप्प्याटप्प्यानं बंद होतो: आधी मोटारसायकली आणि उंच गाड्या, मग सगळेच. हिवाळ्यात जास्त, पण सप्टेंबरातही एखादा दिवस निघतो. स्वेती रोकचा बोगदा पावणेसहा किलोमीटरचा. एका तोंडाला धुकं नि दुसऱ्याला ऊन हे तिथं नेहमीचं. आपल्याकडं खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर पाऊस बदलतो, तसंच समजा. बाहेर पडताना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, झोत बाजूनं बसतो. रस्ता उघडा आहे का हे त्यांच्या ऑटोक्लबच्या, 'हाक'च्या ॲपवर सकाळी बघायचं. गाडी बंद पडली तर त्यांचाच मदत क्रमांक १९८७, बाकी सगळ्यासाठी ११२.

दुसरा वारा 'युगो', आग्नेयेकडून, दमट. त्यात लाटा उसळतात आणि छोट्या वेगवान बोटी रद्द होतात. गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेरी बोटी सहसा चालू राहतात.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

ह्वारला गाडी न्यायची नाही असं माझं मत. स्प्लिटहून फक्त प्रवाशांची वेगवान बोट, कॅटामरान, तासाभरात थेट ह्वार गावात सोडते. गावात गाड्यांना बंदी आहे, पार्किंग महाग आणि लांब. सामान ओढत नेण्यापेक्षा गाडी स्प्लिटला ठेवा.

---

एमएच५०_कऱ्हाड

आईंचे गुडघे आणि चार जणांच्या बॅगा बघता मी उलट सांगेन. गाडी न्या, पण ज्या वाटेनं गेलात त्या वाटेनं परतू नका. स्प्लिट ते ह्वार बेटावरचं स्टारी ग्राड, जाद्रोलिनिया कंपनीची मोठी फेरी बोट, दोन तास. मुक्काम ह्वार गावात नको. स्टारी ग्राड किंवा येल्साला करा. दोन्ही सपाट आहेत आणि दाराशी गाडी लागते. ह्वार गाव स्टारी ग्राडहून वीसेक किलोमीटर, अर्ध्या दिवसात होतं.

निघताना बेटाच्या पूर्वेच्या टोकाला, सुचुरायला जा. तिथून फेरी पस्तीस मिनिटांत मुख्य किनाऱ्यावरच्या द्रवेनिकला उतरवते आणि द्रवेनिक दुब्रोव्हनिकच्याच वाटेवर आहे. स्प्लिटला परत जाणं वाचलं. येल्सा ते सुचुराय रस्ता मात्र अरुंद आणि वळणांचा. अंतर पन्नासच्या आसपास, पण वेळ सव्वा तास धरा. यवतेश्वरचा घाट उतरणाऱ्याला अवघड नाही, मुलीला गाडी लागत असेल तर आधी गोळी द्या. टाकी येल्साच्या आधीच भरा.

फेरीचं एक नीट समजून घ्या: काही मार्गांवर तिकीट काढलं म्हणजे ठरावीक बोटीवर जागा मिळाली असं नाही. जो आधी रांगेत लागला तो आधी चढतो. स्प्लिटला तासभर आधी, द्रवेनिकच्या छोट्या फेरीला अर्धा-पाऊण तास आधी. शनिवार टाळा, भाड्याची घरं शनिवारी बदलतात आणि सगळा देश त्या दिवशी रस्त्यावर असतो.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सुचुरायवरून बाहेर पडायचं असेल तर मान्य. मी परत स्प्लिट धरून बोललो होतो.

---

माईंचा_डबा (मिरज)

कण्हेरकाठ, आईंच्या जेवणाचं. मुक्काम हॉटेलात नको, 'अपार्टमान' घ्या, स्वयंपाकघर असतं. बाजारात पालेभाज्या, टोमॅटो, बटाटे, अंजिरं सप्टेंबरात भरपूर. बाहेर खाताना 'ब्लित्वा' मागा: चाकवतासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल. बस्स. पिझ्झा सगळीकडं मिळतो. सुपाला मात्र 'भाज्यांचं' म्हटलं तरी हाडांचं पाणी असू शकतं, आणि ताज्या पास्त्यात अंडं असतं. कोरडा पास्ता आहे का हे विचारा. ग्नोक्कीतही अंडं घालतात. पाग बेटाचं प्रसिद्ध चीज रेनेटनं, म्हणजे जनावराच्या पोटातून काढलेल्या विरजणानं, केलेलं असू शकतं, आईंसाठी आधी विचारून घ्या.

नेण्याचं सामान: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणून साताऱ्याचे कंदी पेढे आणि तुपाचा डबा घरीच ठेवा. भडंग, चटणी, मेतकूट, बेदाणे चालतात. ताजी द्राक्षं प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. गंमत म्हणजे केळी, नारळ आणि अननस चालतात.

आणि चौघांनाही पाण्यातले रबरी बूट. किनारा गोट्यांचा आहे, खडकांवर काटेरी समुद्री साळू असतात आणि काटा पायात मोडला की दोन दिवस चालणं बंद.

---

कण्हेरकाठ (सातारा)

सगळ्यांचे आभार. बेत बदलला: येताना दुब्रोव्हनिकहून विमान, ह्वारला गाडी, बाहेर पडायला सुचुराय. कोटोर व्हिसा बघून. एकच राहिलं: दुब्रोव्हनिकला तीन दिवस गाडी कुठं लावायची?

---

बेदाणा_तासगाव

लावायचीच नाही. पोचल्या दिवशी सामान घरी उतरवा आणि गाडी परत करा. विमानतळ वीस किलोमीटर लांब आहे, त्यामुळं शहरातलीच परतीची जागा आहे का हे बुक करताना बघा. जुन्या शहराजवळचं पार्किंग तासावर चालतं आणि तीन दिवसांचं बिल गाडीच्या भाड्याच्या जवळ जातं. घर लापाद किंवा ग्रुझ भागात घ्या, दोन्हीकडून बस थेट जुन्या शहराच्या पिले दरवाज्यापर्यंत येते. आईंना तटावरून फिरवू नका, सगळ्या पायऱ्या आहेत. खालचा स्त्रादून रस्ता सपाट आहे, आणि वरून शहर बघायला स्र्ज डोंगराची केबल कार आहे. एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मिळून कोटोर ठरलं तर त्या एका दिवसासाठी बसची सहल घ्या, नाक्यावरची रांग ड्रायव्हर बघेल.