नामसाम्य, नामबंधू की समनाम?

ग्रीक इतिहास वाचतोय आणि थुकिडिडीसपाशी अडकलोय. एक थुकिडिडीस अथेन्स-स्पार्टामधल्या पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास लिहिणारा, दुसरा अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचा राजकीय विरोधक, ज्याला इ.स.पू. ४४३च्या सुमारास अथेन्समधून हद्दपार केलं. दोघं वेगळे आहेत हे मला फार उशिरा कळलं. तर अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं? नामसाम्य म्हणजे ती गोष्ट झाली, माणसासाठी शब्द हवाय.

–– नामबंधू म्हणतात की. रुळलेला शब्द आहे.

–– नामबंधू गप्पांमध्ये छानच वाटतो, पण इथे मला तो पटत नाही कारण ग्रीकांमध्ये आजोबांचं नाव नातवाला द्यायची पद्धत होती, आपल्याकडे पहिल्या बाजीरावांचे नातू दुसरे बाजीराव तसंच. अथेन्सच्या एका श्रीमंत घराण्यात तर पिढ्यानपिढ्या कॅलियासचा मुलगा हिप्पोनिकस, हिप्पोनिकसचा मुलगा कॅलियास असंच चालू. पर्शियाशी तहाची बोलणी करायला गेला तो कॅलियास आजोबा, आणि सोफिस्टांवर, म्हणजे पैसे घेऊन शिकवणाऱ्या पंडितांवर, पैसा उधळला तो नातू. आता आजोबा-नातवाला बंधू कसं म्हणणार?

मी 'समनाम' सुचवेन. ग्रीकांचा स्वतःचा शब्द 'होमोनिमॉस' आहे, त्यातलं 'होमॉस' म्हणजे आपलं 'सम' आणि 'ओनोमा' म्हणजे 'नाम', दोन्ही जोड्या एकाच मुळातल्या. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला 'स' असतो तिथे ग्रीकमध्ये बऱ्याचदा 'ह' दिसतो, सप्त – हेप्ता बघा. म्हणजे समनाम हे नुसतं भाषांतर नाही, त्या शब्दाचं सख्खं भावंड आहे!

–– वा, हे माहीत नव्हतं. पण मग ते लोक स्वतः ओळखायचे कसे, कोण कुठला ते?

–– बापाच्या नावावरून आणि गावावरून. इतिहासकार थुकिडिडीस पहिल्याच वाक्यात स्वतःला फक्त 'अथेन्सचा' म्हणतो, पण पुढे चौथ्या भागात अँफिपोलिस शहराच्या प्रसंगात तो स्वतः सेनापती म्हणून येतो तिथे 'ओलोरसचा मुलगा' असं आवर्जून लिहितो. पेरिक्लीसचा विरोधक तो मेलेसियासचा मुलगा. आणि आठव्या भागात अजून एक थुकिडिडीस येतो, तो फार्सालस शहराचा. अथेन्सच्या नागरिकाला तर आपला डीम, म्हणजे गाव किंवा वस्ती, पण नावापुढे लावता यायचा, असे १३९ डीम होते.

या घोळावर तेव्हाच पुस्तक लिहिलं गेलं होतं. मॅग्नेशियाच्या डेमेट्रियसने इ.स.पू. पहिल्या शतकात समनाम कवी-लेखकांवर ग्रंथ लिहिला, तो आज पूर्ण मिळत नाही, पण डायोजेनिस लाएर्शियस तत्त्वज्ञांची चरित्रं सांगताना त्याचा आधार घेतो, थेलीस नावाचे आणखी पाच होते, ॲरिस्टॉटल एकूण आठ, असं मोजून सांगतो. मला त्याच्या याद्या चरित्रांइतक्याच आवडतात.

–– पटलं. मग वाक्य असं होईल ना: 'मेलेसियासचा मुलगा थुकिडिडीस हा इतिहासकाराचा समनाम'?

–– हो, अगदी. आणि अनेक असतील तर 'हे तिघे समनाम'.