जपानी काराआगे घरी कुरकुरीत राहत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जपानी पद्धतीचं तळलेलं चिकन, म्हणजे काराआगे, घरी करणारं कोणी आहे का इथे? तोक्योत निशी-कासाईला राहत होतो तेव्हा करायची वेळच आली नाही. सुपरमार्केटात तयार मिळायचं, लॉसनच्या (कोपऱ्याकोपऱ्यावरची दुकानं) काउंटरवर 'काराआगे-कुन'चा छोटा डबा मिळायचा आणि इझाकायात (तिथले खाण्यापिण्याचे बार) मेनूकार्ड न वाचता मागवता यायचं. आता पुण्यात आहोत आणि लेकीला तेच हवंय. इथल्या जपानी हॉटेलात मिळतं, पण चार तुकड्यांची किंमत बघून मी कढई काढली.

सध्या असं करते: अर्धा किलो बोनलेस मांडीचे दीड-दोन इंची तुकडे, दोन टेबलस्पून डार्क सोया सॉस, आल्याचा रस, किसलेला लसूण, चमचाभर साखर. तिथे साकेही (तांदळाची दारू) घालतात, ती घरात नाही आणि सासूबाई असताना आणणारही नाही. अर्धा तास मुरवायचं, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवायचं, तळायचं.

चव जमते. सासूबाईंनीही 'आपलं आलं-लसूणच आहे की' म्हणत पास केलंय. गोची पुढे आहे. कढईतून काढल्यावर जेमतेम पाच मिनिटं कुरकुरीत, मग आवरण ओलं होऊन सालासारखं सुटतं. रंगही काळपट येतो, आत शिजेपर्यंत बाहेरून करपायला लागतं. तिथलं फिकट सोनेरी असायचं, वर पांढरट भुरका, आणि गार झालं तरी खावंसं वाटायचं. बेन्तोत (जेवणाच्या डब्यात) तर गारच खातात.

तर कॉर्नफ्लोअर चुकतंय, सॉस चुकतोय की तेल? बटाट्याचा स्टार्च (काताकुरिको) ऑनलाइन दिसतोय, पण एवढ्यासाठी किलोभर मागवावा का? शनिवारी लेकीच्या मैत्रिणी येणार आहेत, म्हणून घाई. एअर फ्रायर सुचवू नका प्लीज. त्यात होतं ते चांगलं लागतं, पण ते काराआगे नव्हे.

प्रतिसाद १
वाचतेय. मलाही हवंय.

प्रतिसाद २
कोंबडी तळायला जपानपर्यंत कशाला जायचं म्हणतो मी. मालवणी मसाला लावा, रव्यात घोळवा, तव्यावर टाका. विषय संपला.

प्रतिसाद ३
@वरचे, ते पण करू हो, रविवारी. धाग्याचा विषय वेगळा आहे.

प्रतिसाद ४ (फुकुओकाहून)
ताई, तुमची बरीचशी भानगड पाण्याची आहे.

आधी रंग. आपल्याकडच्या डार्क सोयात बहुतेकदा कॅरॅमलचा रंग असतो, वर तुम्ही साखर घालताय. मग काळं होणारच. साखर काढून टाका. साधा जपानी सोया सॉस मिळाला तर उत्तम, नाहीतर लाइट सोया दीड चमचा घ्या, तो खारट असतो. साके नसेल तर त्याऐवजी चमचाभर पाणी घाला, काही अडत नाही. सोयाशिवाय नुसतं मीठ-लसूण लावूनही काराआगे करतात, त्याला शिओ म्हणतात. रंग एकदम फिकट येतो. इथून जवळच ओइता प्रांतात नाकात्सु आहे. काराआगेसाठीच प्रसिद्ध असलेलं शहर. तिथे नुसती काराआगेची पार्सल दुकानं आहेत आणि प्रत्येकाचं मुरवण वेगळं. त्यामुळे 'अस्सल' प्रमाण शोधत बसू नका.

आवरण सुटण्याचं कारण म्हणजे तुकडे ओलेकच्च असताना पिठात जातात. मुरल्यावर चाळणीत उपसा, रस निथळू द्या. मग दोन चमचे मैदा तुकड्यांनाच चोळा, म्हणजे चिकटपणा येतो. त्यावर स्टार्च. जादाचा झटका आणि लगेच तेलात. घोळवून ताटात मांडून ठेवलं की स्टार्च पाणी पितो, तुमचा पांढरा भुरका तिथेच गेला.

आणि दोनदा तळा. पहिल्यांदा 160-165 अंशांवर तीन मिनिटं. काढून जाळीवर चार मिनिटं ठेवा. या वेळात आतल्या गरमीवर चिकन शिजत राहतं आणि आतला ओलावा आवरणाकडे येतो. तो उडवायला दुसऱ्यांदा 190 अंशांवर पाऊण ते एक मिनिट. एकदाच तळलं तर तोच ओलावा ताटात आल्यावर आवरण मऊ करतो.

थर्मामीटर नसेल तर कोरडी लाकडी चॉपस्टिक तेलात उभी धरा. टोकाशी बारीक बुडबुडे सावकाश आले की पहिली तळणी, भराभर उसळले की दुसरी. एका वेळी पाच-सहाच तुकडे, नाहीतर तेल गार पडतं आणि चिकन तळण्याऐवजी उकडतं. काढल्यावर टिपकागदावर ढीग लावू नका, वाफ खाली कोंडते. जाळी हवी. मी इडलीपात्राची जाळीची ताटली वापरतो.

प्रतिसाद ५
वरच्या प्रतिसादाला +१. फक्त स्टार्चबद्दल: कॉर्नफ्लोअरनेही होतं, आवरण जरा कडक आणि गुळगुळीत येतं. बटाट्याच्या स्टार्चचं खडबडीत आणि हलकं. अर्धा किलो चिकनला पाऊण वाटीच लागतो. उरलेला उपासाच्या थालीपिठात, सुपात संपतो, मागवाच. घरात तवकील असेल तर तेही चालेल. साबुदाणा दळून वापरू नका, तो बनतानाच अर्धवट शिजलेला असतो.

आणि कातडीबद्दल कोणी बोललंच नाही! तिथल्या चिकनला कातडी असते, निम्मा कुरकुरीतपणा आणि रसाळपणा तिचा. आपला चिकनवाला पिसांसकट कातडी ओढून काढतो, त्यामुळे ऐनवेळी 'स्किन ठेवा' म्हणून उपयोग नाही. गरम पाण्यात बुडवून पिसं काढणारा दुकानदार शोधावा लागतो. आमच्याकडे आदल्या दिवशी फोन केला तर लेग पीस स्किनसकट मिळतात. हाड घरी काढायचं: आतल्या बाजूने हाडालगत चीर द्या, सुरीचं टोक हाडाला टेकवून खरवडत न्या. पहिल्याला वेळ लागतो, पुढचे पटापट होतात.

धागाकर्ती
धन्यवाद मंडळी! आज थोड्यावर करून बघितलं. कातडीवाला दुकानदार सापडला, पण भाव जास्त लावतो आणि 'मॅडम, नक्की ना?' असं दोनदा विचारतो. साखर काढली, मैदा चोळला, दोनदा तळलं. रंग एकदम फिकट सोनेरी. अर्ध्या तासानेही आवरण जागेवर होतं आणि चावलं की आवाज येत होता. स्टार्च अजून यायचाय, हे कॉर्नफ्लोअरचंच.

आता शनिवारचं सांगा. दहा-बाराजणी येणार आहेत. पहिली तळणी सकाळी करून ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद ४
चालेल, पण मग पहिल्या तळणीतच पूर्ण शिजवा. जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर मधोमध 74 अंश. गार झालं की लगेच फ्रीजमध्ये, एका थरात, वर कागद टाकून. घट्ट झाकणाचा डबा नको. मुली आल्यावर 190 वर दीड मिनिट. फ्रीजमधून काढल्यावर वर ओल दिसली तर टिपून घ्या, नाहीतर तेल उडेल. सोबत लिंबाच्या फोडी आणि अगदी बारीक चिरलेला कोबी.

प्रतिसाद २
बरं, फोटो टाका. आणि रविवारी तव्यावरचं करणार होता ना?