रात्री आठनंतर दुकानात एकट्या माणसाला ठेवू नये. पटतंय का?

गल्ल्यावरची, कोपरखैरणे
संध्याकाळी नवी मुंबईच्या नोड्समधून, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या वसाहतींतून, फिरताना बघा. केकचं दुकान, चष्म्याचं, मोबाइलचं, लाँड्रीचं कलेक्शन सेंटर. साडेआठ-नऊला आत एकच माणूस. बाविशीतली मुलगी, नाहीतर गावाहून नुकता आलेला पोरगा. मालक घरी जेवता जेवता फोनवर सीसीटीव्ही बघतोय.

मी बरीच वर्षं काउंटरला काढली आहेत. माझं म्हणणं सरळ आहे: आठनंतर उघडं ठेवायचं तर आत दोघं हवेत. नाही जमत? शटर ओढा.

"कायदा आहे ना" म्हणणाऱ्यांसाठी आधीच लिहिते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षेची सोय आणि घराच्या दारापर्यंत वाहन हे सगळं लिहिलंय. वाचायला छान. पण तो कायदा केला तोच दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. त्याहून लहान दुकानाने फक्त धंदा सुरू केल्याचं कळवायचं. वर सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर न्यायला मंजुरी दिली. म्हणजे ज्या दुकानात माणूस एकटा असतो, नेमकं तेच बाहेर. शिवाय ती साडेनऊची रेघ. शेजारचा गाळा बंद झाला की पोटात गोळा येतो, मग घड्याळात काही का वाजेना.

नौपाड्याचा व्यापारी
ताई, भावना समजली, आता हिशोब ऐका. ठाण्याचा माणूस लोकलने घरी येतो साडेसात-आठला. घरी जाता जाता खरेदी करतो. माझ्या गल्ल्यातला मोठा भाग आठनंतरचा आहे. तेव्हा शटर ओढलं तर गिऱ्हाईक थांबणार नाही, फोनवरून मागवेल आणि दहा मिनिटांत डिलिव्हरीवाला दारात. गाळ्याचं भाडं, लाइटबिल भरून वर दुसरा पगार कुठून काढू?

आणि हेही लिहून ठेवा. दोघांची सक्ती आली की मालक मुलींना घेणंच बंद करतील. एक मुलगी, एक मुलगा ठेवला तर तुम्हीच विचाराल, रात्री त्याच्यासोबत एकटीला कशी ठेवली?

मेडिकलवाला, नेरूळ
मुलगी-मुलगी काय चाललंय? मी चांगला सहा फुटी आहे आणि रात्री दहानंतर मलाही घाम फुटतो.

आमच्याकडे दरोडेखोर येत नाही, चिठ्ठी नसलेला येतो. झोपेची गोळी हवी, नाहीतर कोडीनवालं खोकल्याचं औषध. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या कडक यादीतलं, औषध दिलं तर वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं सगळं लिहावं लागतं, तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. चिठ्ठीशिवाय लिहू काय? म्हणून "नाही" म्हणतो. खरा धोका त्या "नाही"त आहे. काउंटरवर मूठ आपटणारे, "बाहेर ये, बघतो" म्हणणारे सगळे तेव्हाच भेटतात. अशा वेळी मागे नुसता एक पोरगा उभा असला तरी आवाज खाली येतो. पोराला औषधातलं काही कळायची गरज नाही.

आठला बंद करा हे मात्र मला चालणार नाही. रात्री तापाने फणफणलेलं पोर घेऊन आलेल्या बापाला काय सांगू? मी दहानंतर काचेचं दार लावतो आणि जाळीच्या खिडकीतून देतो. लोक कुरकुरतात, करू देत.

घोडबंदरचा प्रवासी
सगळे दुकानातच अडकलात. दुकानात उजेड आहे, कॅमेरा आहे. दहाला सुटलेल्या मुलीने पुढे काय करायचं? सर्व्हिस रोडवर काही ठिकाणी दिवेच नाहीत, शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. भांडायचंच तर घरी सोडण्यासाठी भांडा. बाकी सगळं शोभेचं.

गल्ल्यावरची, कोपरखैरणे
@घोडबंदर, कोणी मारलं ते कॅमेरा नंतर सांगतो. मारायचं थांबवत नाही. घरी सोडायची सोय हवीच, पण शटर अर्धं ओढून हिशोब टॅली करते ती वीस मिनिटं तुम्ही बघितलेली नाहीत. बाहेरून काही दिसत नाही, आत ती आणि नोटा.

सरेची मावशी
मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात राहते. माहेर ठाण्याचं, म्हणून नाक खुपसते. इथे २००५ मध्ये मेपल रिज गावात पेट्रोल पंपावर एकटा काम करणारा २४ वर्षांचा मुलगा गेला. पैसे न देता पळणाऱ्या गाडीला अडवायला धावला आणि तिच्याखाली फरफटत गेला. पेट्रोल होतं साधारण बारा डॉलरचं. २००८ मध्ये त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम आला: पेट्रोलचे पैसे आधी घ्यायचे, आणि रात्रीच्या दुकानात दोन माणसं किंवा मध्ये पक्का अडसर. मालकांनी नौपाडेकरांसारखीच तक्रार केली. २०१२ मध्ये तिसरी वाट दिली: वेळेशिवाय न उघडणारी तिजोरी, कॅमेरे वगैरे. कामगार संघटना चिडल्या.

मला विचाराल तर त्यातलं सगळ्यात कामाचं कलम दोन माणसांचं नव्हतंच. पैसे आधी घ्यायचे, हे होतं. त्याने पोराला धावायचं कारणच उरलं नाही.

गल्ल्यावरची, कोपरखैरणे
मावशी, अगदी नेमकं बोललात. आमच्या दुकानांच्या लाइनीतली एक मुलगी डेमोचा मोबाइल घेऊन पळणाऱ्याच्या मागे पार सिग्नलपर्यंत धावली. शूर म्हणून नाही. पगारातून कापतील म्हणून! "शॉर्टेज" या नावाखाली महिन्याला किती कापलं जातं ते काउंटरवाल्यांना विचारा. कामगाराच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तरच कापता येतं आणि आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, असं कायदा म्हणतो. ऐकतो कोण? गल्ल्यासाठी जीव धोक्यात घालायला मालकानेच लावायचं आणि वर म्हणायचं, "तू मध्ये कशाला पडलीस?"

नौपाड्याचा व्यापारी
दोन वेगळ्या गोष्टी मिसळू नका. चोरी झाली, पोलिसांत तक्रार झाली, तर मी एक रुपया कापत नाही. टॅली लागली नाही तर कापतो. तेही सोडलं तर आतल्या आत हात मारणारे कमी आहेत का?

मेडिकलवाला, नेरूळ
आणि चोरी होती की टॅली चुकली हे ठरवणार कोण? तुम्हीच ना?

बेलापूरची वकील
एक मुद्दा कोणी काढला नाही. एकट्या मुलीला चोराचा त्रास क्वचित होतो, रोज येऊन काउंटरला रेलून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाचा जास्त होतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागी संबंध येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. वाशी-नेरूळवाल्यांचा जिल्हा ठाणे, खारघर-कामोठेवाल्यांचा रायगड, पोलीस आयुक्तालय मात्र दोघांचं नवी मुंबईच. तातडीला ११२ आहेच. पण समितीकडे जायला रजा टाकावी लागते, आणि रजा देणार तोच मालक.

घोडबंदरचा प्रवासी
म्हणजे कागदावर सोय आहे, पायाखाली नाही. वकीलबाईंनीच माझा मुद्दा सिद्ध केला.

बेलापूरची वकील
अजिबात नाही. सोय आहे हे मुलीला माहीत असलं आणि मालकालाही ते कळलं, की रेलून उभा राहणारा पहिल्याच आठवड्यात हाकलला जातो. दुकानात एक पाटी लावायला काय खर्च येतो?

गल्ल्यावरची, कोपरखैरणे
बरं, नौपाडेकर, दुसरा पगार बाजूला ठेवते. तीन गोष्टी करा. आठ वाजता स्वतः येऊन मोठ्या नोटा घेऊन जा. शॉर्टेज कापणं बंद. आणि लाइनीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच वेळी शटर ओढायचं, कोणी मागे एकटं राहायचं नाही.

नौपाड्याचा व्यापारी
एकत्र शटर विसरा. आमच्या लाइनीत फरसाणवाला साडेदहापर्यंत ताटकळतो, स्टेशनरीवाला नऊला गायब. त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, ते माझं काय ऐकणार? शॉर्टेजचं महिनाभर करून बघतो, फरक किती पडतो ते इथेच लिहीन. आठला यायचं मात्र अवघड आहे. तेव्हा मी कळव्याच्या दुकानात असतो.

मेडिकलवाला, नेरूळ
कळव्याला एकटेच असता का?

नौपाड्याचा व्यापारी
नाही. तिथे भाचा असतो सोबत.